कुंपण

ग्लासगो. रविवार, रात्रीचे पावणेअकरा.
एफी मॅकिलॉप दोन तारांच्या आकड्यांना
एक कडं अडकवते, जेमतेम तीन मिलिमीटरचं,
बायपासमधून उरलेला धमनीचा तुकडा.
माणसाचं नाव नाही, क्रमांक आहे.
वय एकोणसत्तर. सिगारेटी, मोजल्या नाहीत म्हणे.

कोमट खाऱ्या पाण्यात बुडबुडे.
आधी ती त्याला आवळायला लावते,
मग अ‍ॅसिटिलकोलीनचा थेंब:
आता हो बाबा सैल.
रेघ उतरायला हवी.
रेघ जागची हलत नाही.

आतल्या अस्तरात एक विकर राबतं, जोडीजोडीनं.
काम एवढंच, आर्जिनिनमधून
नायट्रिक ऑक्साइडचा श्वास सोडायचा;
आयुष्य त्याचं काही सेकंदांचं,
तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सांगायचं,
सोड, सगळं ठीक आहे.

हे जमतं ते एका बारक्या सोबत्यामुळे,
टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. नावच त्याच्याहून मोठं.
फ्रीजरमधून काढलं, झाकण जरा उघडं राहिलं
की वाया जातं, एफीनं किती वेळा फेकलंय.
धुरानं, साखरेनं, वर्षांनी
इथलंही तसंच गंजलं.

आणि विकर थांबलं नाही.
थांबलं असतं तर बरं होतं.
राबतच राहिलं, तितक्याच इमानानं,
फक्त हातून आता सुपरऑक्साइड निघू लागलं,
जे उरलासुरला वायू गिळतं,
त्यातून जे होतं ते उरलेल्या सोबत्यांना गंजवतं.
कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात;
कुंपणाला कुठं कळतं, आपण चरतोय?

एफीचे वडील आर्डीरला, डायनामाइटच्या कारखान्यात.
सोमवारी डोकं फुटायचं, बुधवारपर्यंत अंगवळणी पडायचं,
आणि रविवारी, चर्चच्या बाकावर, छातीत कळ.
सुटीच्याच दिवशी.
म्हणून टोपीच्या आतल्या पट्टीला
ते कारखान्यातला माल किंचित चोळून आणत.
आई ती टोपी खुंटीला लावू द्यायची नाही,
बाहेर, कोळशाच्या पेटीवर.

पावणेबारा. एफी खालच्या कप्प्यातली बाटली काढते.
नायट्रोग्लिसरीन. एक थेंब.

रेघ उतरते.
कागदाच्या तळापर्यंत उतरते, सावकाश,
जशी उशिरा घरी आलेल्या माणसाची पाठ.

म्हणजे ऐकणारा शाबूत होता.
सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

ती वेळ लिहिते, गॅस बंद करते.
बुडबुडे थोडा वेळ येत राहतात.
उद्या सोमवार.