आतला फुगा

ताइचुंगला, रात्रपाळीत,
न्युंग फुग्याभोवती कार्बनचं चिकट कापड गुंडाळते.
साचा मिटते, हवा सोडते:
फुगा कापडाला साच्याशी रेटत राहतो
दीडशे अंशांत, चाळीस मिनिटं.

मग निघते सायकलची काळी चौकट,
पोकळ, टणक.
आत फुगा लोळागोळा.
शेपटाला धरून ती तो ओढते,
कोंबडीचं आतडं ओढावं तसा.

परवा तुकडा तुटला, आतच राहिला.
तिनं चौकट कानाशी हलवली.
खुळखुळ.
"दोन ग्रॅम," श्यू म्हणाला, "जाऊ दे."

न्युंगला सायकल येत नाही.
तरी तारेला आकडा काढत पुटपुटली,
"उतारावर असेल तो.
त्याला वाटेल, काहीतरी मोडलंय."

वसतिगृहाची बस गेली.
आकडा आत, डोळे मिटलेले,
ती चाचपडत होती.