पोचा

अंत्सिराबेच्या शनिवारच्या बाजारात
तुला पहिल्यांदा एकट्याला सोडलं, ताहिरी,
पाच हजार आरियारीची एकच नोट
चार घड्या घालून मुठीत.
तीन डबे तांदूळ. कोळशाचा एक ढीग.
अंगठ्याएवढ्या पिशवीतलं तेल. भाजीची जुडी.
उरतील ते तुझे, म्हणालो,
किती उरतील ते मला पाठ होतं.

आईनं तुझं नाव ठेवलं ताहिरी,
आमच्या बोलीत त्याचा अर्थ शिल्लक.
घरात तेवढी एकच.

जुलैची थंडी होती.
मी हातरिक्षाच्या दांड्यांमध्ये उभा,
एक डोळा गिऱ्हाइकावर, एक तुझ्यावर.

तांदूळवाली म्हणाली, डब्याला साडेचार हजार.
तुझा चेहरा उतरला.
एका डब्यातच नोट संपली!
तुला काय ठाऊक, म्हातारी माणसं इथं
अजून जुन्या फ्रँकांत बोलतात,
त्यांचं सगळं पाचानं भागायचं असतं,
महागाईसुद्धा.
तू बोटांवर भागलंस. नऊशे.
तेवढ्यात पलीकडची ओरडली,
आठशे पन्नास, बाळा, आठशे पन्नास!

आलास तो धापा टाकत.
दीडशे वाचवले, बाबा!
वाचवलेल्यांत आणखी घालून
तांदळाचे दोन गोड मोफो घेतले होतेस,
एक तुझ्या पोटात,
दुसरा माझ्यासाठी, कडेनं कुरतडलेला.

घरी आईनं आपला डबा काढला,
दुधाचा, कागद कधीच निघून गेलेला,
आणि मोजायला बसली.
एक. दोन.
तिसरा अर्ध्यावर थांबला.
ती रागावली नाही.
डबा पालथा करून तिनं बूड दाखवलं,
अंगठा लावून म्हणाली,
इथं खालून ठोकतात. आत पोचा येतो.
वरून डबा भरलेलाच दिसतो.

त्या रात्री तू कोळशानं भिंतीवर हिशोब केलास,
खोडलास, पुन्हा केलास.
मग अंधारातून तुझा आवाज आला:
म्हणजे डबा हजाराच्या वर पडला.

पुढच्या शनिवारी मी पाहत होतो.
प्रत्येक डब्यात हात घालून
तू तळ चाचपत निघालास.
एक हसली. एकीनं हातावर फटका दिला.
चौथीनं आपणहून डबा पालथा केला: बघ.
तिच्याकडून घेतलेस, नऊशेनं,
घासाघीस न करता.
पाचशे उरले.
मोफोवाल्यासमोर इतका वेळ उभा राहिलास
की त्यानं तव्यावरचे उलटून काढून दुसरे घातले.
मग एक घेतलास. एकच.

माझी छाती फुगली होती, लपवत नाही.
मापात पाप कसं असतं
हे पोराला नवव्या वर्षी कळलं,
मला रिक्षा ओढून ओढून चाळिशीत.

रात्री जेवायला बसलो.
आईनं वाढलं, नेहमीसारखं,
तिघांच्या ताटांत सारखे ढीग.
तू आपल्या ताटाकडे पाहिलंस,
मग माझ्या,
आणि काही न बोलता
माझ्या भातात बोट खुपसलंस,
बाजारात खुपसलं होतंस तसंच.

बोट तळाला पोचलं नाही.
मध्येच टणक लागलं.

आईनं चुलीकडे तोंड फिरवलं.
तू भात बाजूला सारलास,
खालची पालथी बशी उचललीस,
तिला चिकटलेली शितं
एकेक काढून माझ्या ताटात टाकलीस
आणि बशी फळीवर ठेवलीस.

सुलटी.