सातव्या टोपलीची हद्द

सातव्या टोपलीची हद्द आखताना
रेयोने एकवीस खुंट्या ठोकल्या,
पांढऱ्या, डोक्याला केशरी रंग,
आणि फितीचं दुसरं टोक धरून मी
ब्लूबेरीच्या झुडपांत गुडघाभर.

डावीकडे तळं. तिथे वाद नाही,
पाणी आपली हद्द आपणच सांगतं.
उजवीकडे हिल्काचा बटाट्यांचा तुकडा,
आणि तळ्यावरचा वारा
सगळं तिकडेच ओढून नेणारा.

मागच्या उन्हाळ्यात तिला चौतीस चकत्या सापडल्या.
राख लावून घासल्या,
सौनाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगल्या
पातेल्यांच्या झाकणांसारख्या.
मागायला येईल त्याला आधी, "कुणाचा रे तू?"
मग कॉफी. मग चकती.

एका पोराने वाफे तुडवले.
तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं, दोन ओळींचं.
म्हणून ही फीत, म्हणून ह्या खुंट्या
तिच्या कुंपणाच्या बारा पावलं अलीकडे.

रेयो नियम सांगायचा, दर शनिवारी, न कंटाळता:
चकती हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड.
पुढची फेक, ती पडली तिथून नाही.
ती शेवटची जिथे आत होती,
तिथून, मीटरभर आत सरकून.
"पण ती जागा दिसते कुणाला?"
"नाही दिसत," रेयो म्हणायचा,
"चौघांनी बघून ठरवायचं. आणि भांडायचं नाही."

तो उन्हाळा चोख गेला.
बटाट्यांची पानं शाबूत.
खिळ्यावर एकच चकती, निळी,
तिला न्यायला कोणी आलं नाही.
हिल्का पायरीवर बसून आमच्याकडे बघायची,
आम्ही ओळीच्या अलीकडून हात करायचो,
हद्द पाळणारी माणसं.

मे महिन्यात बर्फ उतरल्यावर खुंट्या तपासायला गेलो.
थंडीने जमीन फुगते,
खुंट्या उचकटतात, कलंडतात, हे ठाऊक होतं.
चालत जात नाहीत.
सोळावी, सतरावी, अठरावी
अकरा पावलं पलीकडे, थेट तिच्या कुंपणाला टेकून
सरळ उभ्या, नव्याने ठोकलेल्या.
ओल्या मातीत रबरी बुटांचे ठसे,
लहान, आत वळलेले.

बांध कोरणारे पुष्कळ पाहिलेत,
काका, चुलतभाऊ, एक पाद्रीसुद्धा,
सगळे दुसऱ्याच्या जमिनीत शिरणारे.
हिने कोरला तो स्वतःच्याच दारापर्यंत.

रेयोने दोनदा मोजलं.
कानामागची पेन्सिल काढली, थुंकी लावली,
वहीतली जुनी रेघ खोडली.
"नकाशा चुकला होता," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

सौनाच्या भिंतीवर नव्या खिळ्यांची रांग होती.
पडदा हलला, किंवा नसेल हलला.
रेयोने पिशवीतून एक चकती काढून
माझ्या हातात दिली.
मी सातव्या टोपलीकडे नेम धरला.
वारा होताच.