कारण : इतर

रात्रीचे अडीच. ऐरोली, सातवा मजला.
हेडफोनमध्ये मॉन्टगोमेरीची एक म्हातारी,
गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम.
विचारलं, दुखणं कधीपासून?
म्हणाली, पोरी, छप्पन सालापासून.
बसमध्ये मागे बसवायचे ना आम्हांला,
मग वर्षभर आम्ही बसच सोडली.
धुण्याचं गाठोडं डोक्यावर,
चार मैल जा, चार मैल ये.

स्क्रीनवर कारणं तीनच :
अपघात. वय. इतर.

सहाला सुटले.
दिघ्याच्या नाक्यावर चांगुणामावशी
आणि तिच्या झाडूवाल्या बाया
अकराव्या दिवशीही सतरंजीवर,
थकलेल्या पगारासाठी.
मावशी गुडघ्यावर हात टेकून उठते,
आधी 'आई गं' म्हणते,
मग घोषणा देते.

मी 'इतर' निवडलं होतं.
पुढच्या रकान्यात एकच शब्द :
चालली.