कोरा नमुना

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
विकर फ्रीजमध्ये, आम्ही कूलरसमोर,
आणि लाईन गेली की सगळ्यांचं एकच होतं:
आकार सुटत जातो.

शालिकभाऊ नेवारे तंतूचं टोक घासतात
ओल्या पॉलिशपेपरवर, आठ काढत काढत.
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी,
मराठी आठ नको, तो उघडाच राहतो,
इंग्रजी काढा, मिटलेला.
"हाव मॅडम. पण हात झेडपीच्या शाळेतला हाये."
तीन तंतू चरे पडून गेले. चौथा आरशासारखा.

केसाएवढी काच. तिच्या टोकाला
जेलच्या थेंबात काजव्याचं विकर बसवायचं,
इतकं घट्ट, की पाण्यात वाहून जाऊ नये,
इतकं सैल, की त्याला हलता यावं.
(या दोन ओळींत माझी चार वर्षं गेली.)

दाराच्या फटीला छत्रीचं काळं कापड,
इतवारीतून आणलेलं, सव्वादोन मीटर.
मोबाइल बाहेर. चमकत्या काट्यांचं घड्याळही बाहेर.
नुसते दिवे मालवून भागत नाही,
अंधारही मोजून घ्यावा लागतो:
सेकंदाला चाळीस ठिपके,
ज्यांना कुणीच पाठवलेलं नसतं.

मग नागनदीचा थेंब.
बाटलीवर शालिकभाऊंचं अक्षर:
पुलाखालून, सकाळी सात, भल्ला वास.
आकडा चाळीसवरून नऊ हजारांवर.
जंतू जिवंत आहेत, म्हणून हा उजेड.
जितकी घाण, तितका लख्ख.

आईला फोनवर समजावून सांगितलं.
ती म्हणाली, आणि ज्या पाण्यात जंतूही मेले,
ते?
ते काळं दिसतं, आई. अगदी शुद्ध पाण्यासारखं.
दुसऱ्या दिवशी मी
आराखड्यात आणखी एक तंतू वाढवला.

काल रात्री कोरा नमुना लावला,
उकळलेला, गाळलेला, तीनदा ऊर्ध्वपातित.
चाळीस यायला हवे होते.
सहाशे आले.
नवी सुई, नवी बाटली. पुन्हा सहाशे.
अंधारातून शालिकभाऊ म्हणाले,
"मॅडम, बुचाले माह्यं बोट लागलं असन."
आवाजात चोरी पकडल्यासारखं काहीतरी.

दिवा लावून नोंदवहीत लिहिलं:
नमुना, शा. नेवारे, उजवी तर्जनी. सहाशे अकरा.
खाली एक ओळ मोकळी सोडली,
दिवा मालवला,
आणि हातमोजा काढला.