आठ शून्य आठ शून्य

वारज्यातल्या आमच्या फ्लॅटचा राउटर
दिराच्या खोलीत आहे, कपाटावर,
कुलदैवताच्या फोटोशेजारी.
हिरवे डोळे. रात्रभर जागा.

गेल्या महिन्यात मी एक शब्द शोधला.
एकच, तोही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाचा.
रात्री जेवताना भाऊजींच्या मोबाईलवर
त्याच शब्दाची जाहिरात.
"वहिनी, हे काय यायला लागलंय हो मला?"
मी म्हटलं, कोशिंबीर वाढू?

आज सगळे धायरीला बारशाला.
सासूबाई तेवढ्या घरी, गुडघा धरलाय म्हणून.
त्यांचा डोळा लागल्यावर ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या.
खाली, पार तळाशी, जिथे कुणी उतरत नाही,
तिथे होतं ते: प्रॉक्सी. मॅन्युअल.

गरवारेत प्रॉक्सी म्हणजे
हेमांगी ढमढेरेच्या नंबराला
मी नाक दाबून "हजर" म्हणायचे.
एक्केचाळीस.
ती कुठे असते, कधी विचारलं नाही.
एकदा बसमधून दिसली होती,
नदीकाठच्या कठड्यावर, एकटीच, चणे खात.
एवढ्यासाठीच होती तिची गैरहजेरी.

पहिल्या चौकटीत पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं.
दुसरीत पोर्ट. पोर्ट म्हणजे बंदर.
पुण्याला समुद्र नाही,
आहे ती मुठा, तिलाही वरून सोडलं तर पाणी.
तरी लिहिलं: आठ शून्य आठ शून्य.

त्याखाली अजून एक चौकट,
या पत्त्यांसाठी प्रॉक्सी नको.
आत आधीच कुणी भरून ठेवलेलं, लोकलहोस्ट.
म्हणजे हेच मशीन. म्हणजे आपण.
स्वतःशी बोलायला मध्ये माणूस लागत नाही.
हे वाचून थोडा वेळ नुसतीच बसले.

सेव्ह करताना अण्णा आठवले.
बोहरी आळीच्या तोंडाशी त्यांची पत्र्याची पेटी,
किल्ल्या बनवून मिळतील.
साबणावरचा ठसा कुणी आणला तर हात जोडायचे.
बाकी कुणाला विचारायचे नाहीत, कुठलं दार.
कानस चालत राहायची. पितळेची भुकटी
त्यांच्या भुवयांत संध्याकाळपर्यंत चमकायची.
गेल्यावर वही सापडली.
तीस वर्षांच्या तारखा, पुढे रुपये,
आणि नाव नाही. एकही नाव नाही.

त्या टोकाला बसलेल्या माणसा,
तुझ्याकडेही वही असणार.
दिरापासून लपवलं ते तुझ्या हातून जाणार,
याला खासगी म्हणायचं, की पहारेकऱ्याची नुसती बदली?
त्यात तू फुकट. फुकटाची तर जास्तच भीती वाटते.
तुझ्या वहीतही नुसत्या तारखा असतील
असं धरून चालते.
दुसरं काय.

सेव्ह.

मी कुठे आहे, असं एका पानाला विचारलं.
ताल्लिन, म्हणालं.
अक्षरांच्या डोक्यावर दोन-दोन ठिपके,
बर्फात घालायच्या बुटांवर तीस टक्के सूट,
आणि तिथे अजून सकाळ.
खिडकीखाली भंगारवाला ओरडत होता,
त्याला माहीत नव्हतं मी या गावात नाही.

मग तो शब्द टाकला. या खेपेला शुद्ध.
कोणता, ते इथेही सांगणार नाही.
किल्लीवाल्याची मुलगी आहे मी.

शेवटचा परिच्छेद राहिला होता,
तेवढ्यात आतून हाक आली,
"अगं, कुठे आहेस? शेकायची पिशवी दे जरा."

"आहे इथेच," म्हटलं,
ताल्लिनहून.