हातचे सतरा

तार्तूमध्ये जानेवारीत नऊला उजाडतं,
तेही उपकार केल्यासारखं.
वीर्वे कूसिक टेबलावरचा दिवा विझवत नाही.
दलदलींवरचं एक त्रैमासिक चालवते ती,
वर्गणीदार दोनशे अकरा,
आणि मधूनच खोकणारा एक हीटर.

समोर ताआवेत ओयाचा निबंध:
दलदलीतलं शेवाळ वर्षाला किती वाढतं.
चाळीस जागी रोवलेल्या चाळीस तारा, तीन उन्हाळे.
दोन्ही समीक्षकांचं एकच मत: उत्तम, छापावा.
(एकाने तर चाळीस पानं बावीस मिनिटांत वाचली होती.
वेळ नोंदली जाते, हे बिचाऱ्याला ठाऊक नसावं.)

तिचं बोट मात्र तक्त्यावरून फिरताना अडलं,
तांदूळ निवडताना खड्यापाशी अडावं तसं.
पहिल्या तेवीस ओळी ओबडधोबड:
१४.२, ९.०, ३१.७,
एके ठिकाणी चक्क उणे, कारण तिथे
एल्कचा पाय पडला होता, तशी तळटीप.
चोविसाव्या ओळीपासून सगळे गुणी बाळ:
१६.३, १७.१, १६.८, १७.४
खाली चाळिसाव्या ओळीपर्यंत एकही एल्क फिरकला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ सुटल्यावर ती स्वतः गेली.
शेवटच्या थांब्यापासून चार किलोमीटर फळ्यांची वाट,
पाय चुकला की गुडघाभर काळं पाणी.
साठीतली बाई, हातात नकाशा, वाकून वाकून
शेवाळातून डोकावणारी एकेक तार मोजत गेली.
तेवीस.
डबा उघडून राईची भाकरी खाल्ली, पुन्हा मोजल्या.
तेवीस.
चोविसाव्या जागी गेल्या वर्षीची दोन क्रॅनबेरी,
सुरकुतलेली, लाल,
आणि कधीच कुणी न टोचलेलं शेवाळ.

फोनवर ताआवेत आधी चिडला, मग गप्प झाला,
मग म्हणाला, पैसे संपले होते,
गाडी दुसऱ्या उन्हाळ्यातच परत घेतली त्यांनी.
म्हणाला, उरलेल्या तारा माझ्या कपाटात आहेत, विकल्या नाहीत.
म्हणाला, सरासरी तर तीच येते ना?

येते.
तेच तर तिला झोपू देत नव्हतं.

शाळेत बेरीज शिकवताना हातचा धरायला सांगतात,
पण तो हातचा बेरजेतूनच आलेला असतो,
मागच्या घराने पुढच्या घराला दिलेला.
याचे सतरा कुठल्याच घरातून आले नव्हते.
पदरचे घातलेले सतरा,
आणि पदर किती फाटका होता तेही तिला दिसत होतं.

निबंध तिने परत पाठवला. इथवर सोपं होतं.
त्याच्या संस्थेला पत्र लिहायचं, हा नियमही
तिनेच दहा वर्षांपूर्वी शेवटच्या पानावर छापला होता,
बारीक टायपात.
जूनमध्ये त्याची नेमणूक कायम व्हायची होती.
"फसवणूक" लिहिलं, खोडलं.
"त्रुटी" लिहिलं, ते तर आणखी खोटं वाटलं.
शेवटी लिहिलं: तारा तेवीस आहेत, नोंदी चाळीस.
सही केली.

पाकीट शोधायला खालचा खण ओढला
तर हाताला लागला तिचाच जुना निबंध, त्र्याण्णव सालचा,
पिवळा, पिन गंजलेली.
त्यावर तिसरं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं.
ते दलदलीत कधी उतरले नव्हते;
त्यांच्या बुटांना तार्तूचा चिखलही लागत नसे.
सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, एवढंच.
तिनेच आपल्या हाताने टाइप केलं होतं ते नाव,
आणि त्या संध्याकाळी किल्ली मिळाली होती.

ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.
त्या नावाची तार कुठल्या नकाशावर शोधायची?
कुणाला लिहायचं, कुठल्या पत्त्यावर?

पत्र पाकिटात घातलं, कडेवर जीभ फिरवली,
डिंकाची चव बराच वेळ तोंडात राहिली.
पोस्ट सहाला बंद होतं.
खण तसाच उघडा टाकून
ती जिना उतरली.